कुडाळ ते सिंगल-सीटर : माझा अनुभव

मी कार रेसिंग करते, म्हणून हल्ली महिन्याकाठी एखादा तरी फोन येतो. पलीकडे कुणाचे तरी बाबा किंवा मामा. मुलगा पंधरा-सोळा वर्षांचा, "गाडी काय मारतो सांगू, आंबोलीच्या घाटात एकदा बघाच!" मग प्रश्न : फॉर्म्युला वनला जायचं तर अर्ज कुठे करायचा? मी आधी एवढंच सांगते, की घाटातलं ते प्रकरण आजच्या आज बंद करा. मग सांगते, की गाडी पळवणं हा यातला सगळ्यात स्वस्त भाग आहे. महाग असतात ती ट्रॅकवरची मिनिटं. ती कुठे, कशी आणि कुणाच्या पैशाने मिळवायची, सुरुवातीच्या वर्षांत सगळी धडपड त्यासाठीच असते. माझी ती वर्षं अजून सरलेली नाहीत, पण कार्टमधून, म्हणजे छोट्या उघड्या रेसगाडीतून, सिंगल-सीटरमध्ये, म्हणजे फॉर्म्युला प्रकारच्या एकट्याच्या रेसकारमध्ये, जायचा टप्पा पार झालाय. तेवढ्यापुरतं लिहिते.

आमचं गॅरेज कुडाळात, हायवेला लागून. बाबांकडे पिकअप, टेम्पो, डंपर येतात. आंब्याच्या सीझनला रात्री बारालाही शटर उघडं असतं. सिंधुदुर्गात रेसिंगचा ट्रॅक नाही. जवळात जवळ म्हणजे घाटावर, कोल्हापूरला. कोल्हापूरकरांना हे वेड आधीपासून आहे. तिथले कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत जाऊन आले. करूळ घाट चढायचा, गगनबावड्यावरून पलीकडे उतरायचं. दरड आली की फोंडा घाटाने. टेम्पोत मागे कार्ट बांधलेली, पुढे बाबा, मी आणि आईने दिलेला डबा. माझी शाळेतली बरीचशी रविवारची गणितं त्या टेम्पोत सुटलीत.

कार्ट म्हणजे जत्रेतली धडकगाडी नव्हे. रोटॅक्सचं १२५ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन. सस्पेन्शन नाही, गिअर नाहीत, ब्रेक फक्त मागे. मागचा अ‍ॅक्सल सलग एकच, डिफरन्शियल नाही, त्यामुळे वळणावर आतलं आणि बाहेरचं चाक सारखंच फिरतं आणि कार्ट सरळच जायला बघते. तिला वळवायचं तर आतलं मागचं चाक क्षणभर उचललं गेलं पाहिजे. स्टिअरिंगचा कोन, अंगाचा भार आणि फ्रेमचा पीळ जुळला की ते उचललं जातं. हे कुणी समजावून सांगितलं तर डोक्यात शिरतं, अंगात शिरायला मात्र फेऱ्याच माराव्या लागतात. सीटबेल्ट नसतो, तेव्हा बरगड्या संध्याकाळी हिशेब मागतात.

इथे बाबांचा धंदा कामी आला. कार्ब्युरेटरचा जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक तोटी, हवेप्रमाणे बदलावा लागतो. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर वर. सकाळची थंड हवा दाट, दुपारची तापून विरळ, म्हणजे दुपारी पेट्रोल कमी द्यायचं. बाकीच्या पोरांबरोबर पगारी ट्यूनर असत. बाबा प्लग काढून त्याचा रंग बघत आणि जेट बदलत. मला म्हणत, "आदी इंजिन आयक, मगे गाडी चलव." आजीला हा सगळा प्रकारच उलटा वाटायचा. "गाडी चलवक पैशे दितंस? लोक गाडी चलवन पैशे घेतत गो!" तिला देण्यासारखं उत्तर माझ्याकडे अजून नाही.

लायसन्सचा भाग लोकांना वाटतो तेवढा अवघड नाही. स्पर्धेचं लायसन्स आरटीओ देत नाही, एफएमएससीआय ही राष्ट्रीय संघटना देते. ती एफआयए या मोटर रेसिंगच्या जागतिक संघटनेची भारतातली सदस्य. अर्ज, फोटो, वयाचा पुरावा, रक्तगट, डॉक्टरांचा दाखला आणि वय अठराच्या आत असेल तर पालकांची संमती. आमच्या डॉक्टरांनी आयुष्यात पहिल्यांदाच असला दाखला दिला. रंग ओळखता येतात का, हे त्यांनी नीट तपासलं ते बरं झालं, कारण ट्रॅकवर सगळी भाषा झेंड्यांची. पिवळा म्हणजे पुढे धोका, ओव्हरटेक नाही. निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येतेय. लाल-पिवळे पट्टे म्हणजे ट्रॅक घसरडा, तेल सांडलंय किंवा पाणी आहे. काळ्यावर नारिंगी गोल आणि सोबत आपला नंबर दिसला, तर गाडीत बिघाड आहे, पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या दुरुस्तीच्या जागी, या. पावणेदोनशेच्या वेगात हे अर्ध्या सेकंदात वाचावं लागतं.

गंमत म्हणजे रस्त्यावरचं लायसन्स मला शर्यतींनंतर मिळालं. ओरोसला आरटीओच्या मैदानात आठ काढताना साहेब म्हणाले, "सावकाश हां, घाबरू नको." बाबा लांब उभे राहून हसत होते. पण ते कार्डही जपून ठेवा. फॉर्म्युला वनच्या सुपर लायसन्ससाठी सहसा अठरा वर्षं पूर्ण आणि खालच्या मालिकांतून तीन वर्षांत मिळवलेले ४० गुण लागतात, आणि रस्त्यावरचं लायसन्सही लागतं. फोनवरच्या मामांना हे सांगितलं की पलीकडे जरा शांतता होते.

खरा खर्च सुरू झाला तो कपड्यांपासून. कार्टिंगचा सूट घासण्यापासून वाचवतो, आगीपासून नाही. सिंगल-सीटरला आग न पकडणारा, एफआयएचा शिक्का असलेला सूट हवा. आतले कपडे, मोजे, हातमोजे, डोक्यावरचा बालाक्लावा, सगळं तसंच. हेल्मेट नवीन, कारण कार्टिंगचं तिथे चालत नाही. त्यावर मान धरून ठेवणारं हॅन्स. गाडी अचानक थांबली तर बेल्टने बांधलेलं धड जागेवर राहतं, डोकं मात्र पुढे फेकलं जातं. मानेवर येणारा तो झटका हॅन्स घेतं. आईने गळ्यातली एक वस्तू मोडली. तिने विषय वाढवू दिला नाही, मीही इथे वाढवत नाही.

पहिलं प्रशिक्षण कोइमतूरला, करी मोटर स्पीडवेवर. नेत्रावती एक्स्प्रेसने केरळातल्या शोरनूरपर्यंत, तिथून दुसरी गाडी. एस. करिवर्धन यांच्या नावाचा हा ट्रॅक, दोन किलोमीटरच्या थोडा वर. मारुती ८०० चं इंजिन लावून फॉर्म्युला मारुती ही स्वस्तातली रेसकार त्यांनीच उभी केली, आणि पुढे २००५ मध्ये जॉर्डन संघातून भारताचा पहिला फॉर्म्युला वन ड्रायव्हर ठरलेला नारायण कार्तिकेयन घडला तो याच गाड्यांच्या काळात. हे सगळं कोइमतूरचंच. तिथल्या चहावाल्यालाही लॅप टाइमचं कळतं.

आता आपल्याकडे नवखे लोक जिथे सुरुवात करतात ती फॉर्म्युला एलजीबी फोर. मारुतीचं १.३ लिटरचं इंजिन, साधी नळ्यांची चासी म्हणजे सांगाडा, गाडी जमिनीला दाबणारे पंख नाहीत. सगळ्यांच्या गाड्या सारख्या, टायर सारखे. स्नेहा शर्मा हिने विमान उडवण्याची नोकरी सांभाळून या गाड्या चालवल्या, वडोदऱ्याची मीरा एर्डाही यातून गेली. त्यामुळे मुलगी म्हणून पॅडॉकमध्ये, म्हणजे टीमच्या तळावर, मी कौतुकाचा विषय नव्हते, आणि ते माझ्या पथ्यावरच पडलं.

गाडीत बसण्याआधी सीट ओततात. चासीत प्लास्टिकची मोठी पिशवी ठेवायची, तिच्यावर तुम्ही रेसच्या पोझमध्ये आडवे, आणि पिशवीत दोन रसायनं मिसळून ओततात. काही क्षणांत फेस फुगतो, गरम होतो, पाठीला-कमरेला घट्ट भिडतो आणि तसाच कडक होतो. तेवढा वेळ हलायचं नाही. मेकॅनिक अण्णा तमिळमध्ये ओरडत होते, मी मराठीत देवाचं नाव घेत होते. नीट जमली तर सीट म्हणजे गाडीची खबर देणारी पहिली जागा. मागची चाकं सुटायला लागली की डोळ्यांआधी कमरेला कळतं.

कार्टवाल्यांची खरी परीक्षा ब्रेकवर होते. कार्टमध्ये सगळं झटक्यात. इथे सस्पेन्शन आहे. ब्रेक दाबला की वजन पुढच्या चाकांवर येतं आणि त्यांची पकड वाढते. म्हणून सुरुवातीला जोरात दाबायचा आणि वळणात शिरताना हळूहळू सोडत न्यायचा. एकदम सोडला की नाक हलकं होतं आणि गाडी बाहेर निघते. त्यातच उजव्या पायाने ब्रेक धरून त्याच पायाच्या कडेने अ‍ॅक्सिलरेटर टिचकावायचा, म्हणजे गिअर खाली टाकताना मागची चाकं अडखळत नाहीत. हे मी गॅरेजात बंद पडलेल्या ओम्नीत बसून घोटलं. फुकट होतं. ट्रॅकवर शिकले असते तर त्याच मिनिटांचे पैसे मोजले असते.

स्वस्तात मिनिटं मिळवायची माझी पद्धत अशीच. रेसच्या आदल्या संध्याकाळी ट्रॅक पायी फिरायचा, वहीत प्रत्येक वळणाचा उतार, कडेच्या कर्बची उंची, डांबराचा जोड लिहायचा. इतरांचे गाडीतून घेतलेले ऑनबोर्ड व्हिडिओ आवाज वाढवून ऐकायचे. कुठे गॅस सोडला ते इंजिन सांगतं. घरी जुनं स्टिअरिंग टेबलाला बोल्ट मारून सिम्युलेटर. पावसाळ्यात ऐन सरावात लाइट जाते, त्याला इलाज नाही.

आणि बोलायला शिकणं. पहिल्यांदा इंजिनिअरला मी सांगितलं, "गाडी नाचते." त्याने शांतपणे विचारलं, कुठल्या वळणावर? शिरताना, मध्ये, की बाहेर पडताना? पुढून की मागून? दर फेरीला की टायर तापल्यावर? यातलं एक जरी कळलं नाही, तर तो बिचारा काय बदलणार? तेव्हापासून गाडीतून उतरल्यावर हेल्मेट काढायच्या आधी वही. माझ्या मते नवख्या ड्रायव्हरमध्ये पहिल्या वर्षी फरक पडतो तो इथे. धाडस सगळ्यांकडेच असतं.

चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टाईचा ट्रॅक ३.७ किलोमीटरचा, बारा वळणांचा. पहिल्या वळणाला सगळे सी-वन म्हणतात. पंख नसलेल्या गाड्यांत पुढच्याच्या मागे चिकटून राहिलं की हवा तो कापतो आणि आपण ओढले जातो, त्यामुळे सरळ रस्त्याच्या शेवटी सात-आठ गाड्या एका झुंडीत सी-वनला पोचतात. सुटण्याची जागा ठरवणाऱ्या क्वालिफाइंगमध्येसुद्धा कुणाच्या मागे लागायचं हे ठरवावं लागतं. माझ्या पहिल्या रेसमध्ये मी मागच्या रांगांतून सुटले आणि मधल्या गर्दीत संपवली. गाडीचं नाक शाबूत होतं. टीम मॅनेजरला निकालापेक्षा नाकाचंच कौतुक, कारण मोडतोडीचं बिल ड्रायव्हरच्या नावावर लागतं.

नंतर एकदा पाऊस आला. कोकणातली म्हणून पावसात ही पुढे असणार, असा सगळ्यांचा समज. मला ओल्या रस्त्याची सवय होती. ओल्या ट्रॅकचे नियम वेगळे आहेत. कोरड्यात सगळे जिथून जातात त्या रेषेवर टायरचं रबर बसलेलं असतं, पाणी पडलं की तीच रेषा गुळगुळीत होते. तिथून बाजूला, जिथे एरवी कुणी जात नाही अशा खरखरीत डांबरावर पकड शोधायची. हे कोल्हापूरच्या कार्टिंगमध्ये शिकले होते. त्या दिवशी बऱ्याच गाड्या मागे टाकल्या. श्रेय कोकणाला मिळालं, मीही घेऊ दिलं.

एक अडचण फक्त आमच्याकडची. रेसिंगचा सीझन नेमका कोकण रेल्वेच्या पावसाळी वेळापत्रकात येतो, आणि स्पर्धेची एक फेरी तर गणपतीतच आली. मुंबईची सगळी घरी, आणि मी उलट्या दिशेच्या गाडीत. त्या दिवसांत कुडाळहून बाहेर जायला तिकीट आरामात मिळतं, एवढाच फायदा. आरतीला फोन लावून ठेवायचे.

पैशांचं सांगते, कारण फोनवर शेवटी सगळे तिथेच येतात. टीम गाडी, मेकॅनिक, टायर धरून सीझनचं भाडं घेते. मी जिल्ह्यातल्या दुकानदारांना, हॉटेलवाल्यांना पत्रं दिली. "टीव्हीवर दिसेल का?" हा पहिला प्रश्न. नुसतं "मदत करा" म्हणून काही होत नाही; गाडीच्या नाकावर जागा केवढी, रेस कुठे दिसते, फोटो कोण देणार, हे कागदावर मांडलं तेव्हा एक काजू कारखानदार तयार झाले. मालवणच्या एका लॉजवाल्यांनी साइडपॉडवर, म्हणजे गाडीच्या कुशीवर, जागा घेतली. उरलेलं बाबांचं.

पुढची पायरी फॉर्म्युला फोर, एलजीबी फोरहून वेगळी. आपल्याकडे ती २०२३ मध्ये सुरू झाली : मिगालची चासी, अल्पाइनचं टर्बो इंजिन, पुढे-मागे पंख, डोक्यावर हेलो, म्हणजे डोकं वाचवणारी कमान. २०२४ मध्ये चेन्नईत आयलंड ग्राउंड्सभोवती रात्रीच्या दिव्यांत शहरातल्या रस्त्यांवर तिची रेस झाली. पंखांमुळे हिशेब बदलतो. जितका वेग तितकी गाडी जमिनीला दाबली जाते, म्हणजे हळू गेलात तर पकड कमी. आणि भाडं एलजीबीच्या कित्येक पट. वयाची अट पंधरापासून, त्यामुळे परदेशात या गाडीत माझ्याहून चार वर्षांनी लहान पोरं बसलेली असतात. मी पुढचा सीझन एलजीबीतच काढणार आहे. मागच्या रांगेत फॉर्म्युला फोर चालवण्यापेक्षा इथे पोडियमसाठी भांडलेलं बरं, असं माझं मत. बाबांचं उलट आहे, आणि रोज जेवताना ते चालतं.

काजूवाले काका म्हणालेत, पैसे फेब्रुवारीनंतर, नवा काजू आल्यावर. टीमला अनामत त्याआधी हवी आहे. तोवर शनिवार-रविवार कोल्हापूरला लहान मुलांना कार्टिंग शिकवते. फोन करणाऱ्यांनी मुलाला सरळ तिथेच घेऊन यावं. बूट घालून, पूर्ण बाह्यांचा शर्ट, लांब केस असतील तर बांधून. आणि येताना गाडी त्याला चालवायला देऊ नका.