आडव्या बाटलीवाली बाई अन् चार बार

परवा ओट्यावर बसून आम्ही चौघी तुरीच्या शेंगा सोलत होतो, कोणाच्या बगीच्यात आंबिया बहार, म्हणजे संत्र्याचा थंडीतला फुलोरा, कसा फुटला अन् कोणाचा ताण, म्हणजे त्यासाठी झाडाचं पाणी तोडणं, कसा फसला अशा गप्पा चालल्या होत्या, तेवढ्यात शेजारच्या काकूंनी मान वर न करताच विचारलं, "काहो मॅडम, तुमी म्हणे थ्या अमेरिकेत दारूचे बार पायत फिरल्या?"

आठही हात थांबले. ही बातमी कुठून फुटली ते मला पक्कं माहीत आहे. आमचा नातू, वय वर्षं सात, व्हिडिओ कॉलवर अख्ख्या गल्लीला सांगून मोकळा झाला की आजी गोल गोल फिरणाऱ्या बारमध्ये बसली होती. आता मी रिटायर्ड शाळामास्तरीण, खोटं बोलायची सवय नाही, म्हटलं हो, गेले होते. तिकीट काढून गेले होते.

आता यात एवढं काय, असं पुण्या-मुंबईच्या माणसाला वाटेल, त्याच्यासाठी आमचा भूगोल सांगते. आमचं गाव आष्टी तालुक्यात, म्हणजे जिल्हा वर्धा, गांधीजी-विनोबांचा जिल्हा म्हणून सत्तरच्या दशकापासून इथे दारूबंदी. अन् वर्धा नदीचा पूल ओलांडला की अमरावती जिल्हा, तिथे सगळं चालू. एकच नदी, एकच पाणी, दोन्हीकडे संत्र्याचेच बगीचे, पण एका काठाला बाटली गुन्हा अन् दुसऱ्या काठाला दुकान. संध्याकाळी पुलावर उभं राहून पलीकडे जाणाऱ्या मोटरसायकली बघा, मग परत येताना त्याच मोटरसायकली कशा येतात तेही बघा. माझे धाकटे दीर बरीच वर्षं त्या पुलावरून गेले-आले, अन् एका रात्री आलेच नाहीत. त्यांची बायको, माझी जाऊ, ओट्यावर माझ्या शेजारीच बसली होती. तिने तेवढी शेंग सोलणं थांबवलं नाही... म्हणजे आठ नाही, सहाच हात थांबले होते म्हणा.

अन् मी स्वतः कोण, तर नोकरीत असताना नदीपलीकडे वरूड तालुक्यात होते तेव्हा गावातलं दुकान बंद करायला झालेल्या मतदानात घरोघरी फिरलेली बाई. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात, उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. यादीतल्या एकूण बायकांपैकी निम्म्याहून जास्त आडव्या बाटलीवर पडल्या पाहिजेत, नुसत्या मत द्यायला आलेल्यांपैकी नाही हं, एकूण यादीतल्या. त्यात कोणी मजुरीला गेलेल्या, कोणी बाळंतपणाला माहेरी, आमचं थोडक्यात हुकलं. त्या दिवशी मी जेवले नव्हते.

तर अशी मी, दिवाळीनंतर लेकीकडे ह्यूस्टनला गेले. तिथून गाडीने साडेपाच-सहा तासांवर न्यू ऑर्लिन्स. लेक म्हणाली आई, संध्याकाळचा एक टूर आहे, जुने ऐतिहासिक बार दाखवतात, पायी फिरायचं, गाईड गोष्टी सांगतो, पिलंच पाहिजे असं नाही. जावई बिचारे नातवाला घेऊन हॉटेलवर थांबले, तो लहान, त्याला नेता येत नव्हतं, अन् आम्ही मायलेकी बार बघायला. हे उलटं चित्र माझ्या सासूबाईंनी बघितलं असतं तर.

पहिला बार म्हणजे एक जुनी विटांची बैठी इमारत, लाफित नावाच्या समुद्री चाच्याची लोहारशाळा म्हणून प्रसिद्ध, बांधकाम अठराव्या शतकातलं, आत मेणबत्त्यांचा उजेड. आमच्या गावच्या लोहाराच्या भात्याजवळ दिवेलागणीला बसल्यासारखं वाटलं, फक्त फाळाऐवजी लोकांच्या हातात प्लास्टिकचे कप. तिथे कपात घेऊन रस्त्यानेही फिरता येतं, कायद्याने. मी दोनदा विचारून घेतलं.

दुसरा नेपोलियन हाऊस. तिथल्या एका जुन्या महापौराने म्हणे नेपोलियनला आसरा द्यायला आपलं घर देऊ केलं होतं, पण नेपोलियन १८२१ मध्ये तिकडे सेंट हेलेना बेटावरच मेला. म्हणजे ज्याच्या नावाने घर तो त्या घरात आलाच नाही! गाईडला वाटलं मी फार हसतेय, पण मला आमच्याकडचं आठवलं, मंत्री येणार म्हणून एका वावरात हेलिपॅड केलं, मंत्री काही आले नाही, वावराला मात्र अजून हेलिपॅडचं वावर म्हणतात. लेकीने काकडीची चकती खोचलेलं पिम्स कप नावाचं काहीतरी घेतलं, मी लिंबू सोडा.

खरा रंग भरला तो पुढे, रॉयल स्ट्रीटवर, अन् तोही बारमध्ये नाही, रस्त्यावर उभं राहून. गाईड म्हणाला या रस्त्यावर १८३० च्या दशकात अँतवान पेशो नावाच्या माणसाचं औषधाचं दुकान होतं. तो कडू मुळ्यांचा अर्क करायचा, पोटासाठी औषध म्हणून, अन् तो ब्रँडीत घालून द्यायचा. अर्कात जेन्शियन नावाची कडू मुळी. आपला चिरायता त्याच कुळातला, म्हणजे ज्या काढ्यासाठी माझ्या आजीने आमची नाकं दाबली तो काढा तिकडे लोक पैसे देऊन पितात. गाईड पुढे म्हणाला की पेशो अंड्याच्या कपात द्यायचा, त्या कपाच्या फ्रेंच नावावरून कॉकटेल शब्द आला, अन् मग स्वतःच डोळा मारून म्हणाला की ही गोष्ट छान आहे पण खरी नाही, कारण न्यूयॉर्क राज्यातल्या एका पेपरात १८०६ सालीच कॉकटेल म्हणजे काय ते छापून आलंय, दारू, साखर, पाणी अन् कडू अर्क, अन् तेव्हा पेशो लहान पोरगा होता. मला तो माणूस तिथेच आवडला. आमच्याकडे देवळाचा पुजारी आधी आख्यायिका सांगतो अन् मग ती खोटी असं कधी सांगत नाही.

अन् मग त्याने जे सांगितलं ते ऐकून मी रस्त्यातच लेकीचा हात धरला. पेशोचा अर्क घालून करतात त्या सॅझरॅक नावाच्या पेयात आधी फ्रेंच कोन्याक ब्रँडी असायची, सॅझरॅक हे त्या ब्रँडीचंच नाव. मग फ्रान्समधल्या द्राक्षबागांवर फिलॉक्सेरा नावाची कीड पडली, माव्याच्या जातीची बारीक, मुळं खाणारी, अमेरिकेतूनच तिकडे गेलेली. बागाच्या बागा वाळल्या, ब्रँडी मिळेना, म्हणून इथल्या लोकांनी राय व्हिस्की घालायला सुरुवात केली, अन् आज तेच खरं सॅझरॅक म्हणून २००८ मध्ये त्याला शहराचं अधिकृत कॉकटेल ठरवलं. बाकीचे लोक हूं हूं करत फोटो काढत होते. मी विचारलं, मग बागा वाचल्या कशा? तो म्हणाला, कलम करून. अमेरिकन वेलीची मुळं ती कीड सहन करतात, म्हणून खुंट, म्हणजे खालचा मुळांचा भाग, अमेरिकेचा अन् वर बसवायचा डोळा, म्हणजे फुटवा येणारा कोंब, फ्रान्सचा.

अहो, हे तर आम्ही रोजच करतो! जंबेरी नावाच्या लिंबाचा खुंट अन् त्याच्यावर संत्र्याचा डोळा. शेंदुरजना घाटच्या नर्सऱ्यांतून आणलेल्या कलमांवर आमचं अख्खं घर उभं आहे, लेकीचं इंजिनिअरिंग त्या कलमांवर झालं. मी हे सगळं लेकीला मराठीत सांगितलं, तिने इंग्रजीत त्याला, तो दोन मिनिटं टूर विसरून मला डोळा कसा बांधता, पट्टी कशाची लावता, किती दिवसांनी फुटतो असं विचारत राहिला. मागचे लोक वैतागले. वैतागू देत, त्यांच्या पैशात त्यांना विदर्भ फुकट मिळाला.

तिसरा बार नातवाने जाहीर केलेला, माँटेलिओन हॉटेलातला कॅरोसेल बार. १९४९ पासून फिरतोय. जत्रेतल्या चक्री पाळण्यासारखं वरून सजवलेलं छत, गोल टेबलाभोवती पंचवीस खुर्च्या, अन् पंधरा मिनिटांत एक चक्कर. इतकं हळू फिरतं की आपण हललो हे समोरचा खांब मागे गेल्यावरच कळतं. आमच्या इकडे दोन प्याले पोटात गेल्यावर जे फुकट दिसतं ते त्यांनी मोटर लावून करून दाखवलंय, असं मी लेकीला म्हटलं तर ती म्हणाली आई हळू बोल.

अन् चौथा, रुझवेल्ट हॉटेलातला सॅझरॅक बार. लाकडाच्या भिंती, मोठी रंगवलेली चित्रं. बारटेंडरने लेकीच्या सॅझरॅकसाठी ग्लासात हर्बसेंट नावाची बडीशेपेच्या वासाची दारू थोडी ओतली, ग्लास फिरवून ती आतून लावली, अन् उरलेली चक्क फेकून दिली. मूळ रीत अॅबसिंथ नावाच्या तशाच वासाच्या दारूची, पण ती दारू १९१२ मध्ये अमेरिकेने बंद केली, म्हणून पुढे हर्बसेंट आली. (हे ओट्यावर सांगितलं तेव्हा काकू म्हणाल्या, "फेकून देल्ली? आमच्या इकळचे त थ्या मोरीतून चाटून घेतीन.") तिथेच गाईडने सांगितलं की सॅझरॅक बारमध्ये आधी बायकांना यायला बंदी होती, वर्षातून एक मार्डी ग्रा सणाचा दिवस सोडून, अन् सप्टेंबर १९४९ मध्ये बायकांना दार उघडलं तेव्हा त्या गर्दी करून आत शिरल्या, अजूनही दरवर्षी जुन्या फॅशनचे कपडे घालून तो दिवस साजरा करतात.

मला हे काही झेपलं नाही. म्हणजे आपल्या राज्यात आजही चालतो तो दारूबंदी कायदाही १९४९ चाच, अन् त्याच साली तिकडे बायका बारमध्ये शिरायला धडपडत होत्या. आमच्या गावोगावच्या बायका दुकानाला कुलूप लावायला रस्त्यावर बसतात. कोण बरोबर, असं मला लेकीने विचारलं. मी म्हटलं त्यांचे नवरे घरी येत असतील, म्हणून त्यांना आत जावंसं वाटलं असेल. ती काही बोलली नाही, तिलाही काका आठवला असेल.

मग माझ्यासमोर तो ग्लास आला. रामोस जिन फिझ. हेन्री रामोस नावाच्या माणसाने १८८८ मध्ये काढलेलं, जिन, लिंबू, साय, अंड्याचा पांढरा भाग, सोडा, अन् हे सगळं बारा मिनिटं हलवायचं, त्यासाठी त्याने हलवायलाच वेगळी पोरं ठेवली होती, एक थकला की दुसरा, आमच्याकडे उसाच्या गुऱ्हाळावर पाळीपाळीने असतात तशी. अमेरिकेत दारूबंदी आली तसा रामोसने बार बंद केला, अन् ती बंदी १९३३ मध्ये उठायच्या आधीच, १९२८ मध्ये तो गेला. पण हे सगळं मी नंतर ऐकलं, कारण ग्लास समोर आला तेव्हाच मला वास आला. आंबिया बहाराचा. पहाटे मोटर सुरू करायला बगीच्यात गेलं की अंगावर येतो ना तो, शाल सोडून द्यावीशी वाटते असा. मी म्हटलं हे काय आहे, तर म्हणे त्यात संत्र्याच्या फुलांचं पाणी टाकतात, कडू संत्र्याच्या फुलांचं. म्हणजे आम्ही फूल गळालं म्हणून कपाळाला हात लावतो, फवारण्या मारतो, अन् हे लोक फुलं गोळा करून बाटलीत भरतात. घरापासून इतक्या लांब, बारमध्ये, दारूच्या ग्लासातून माझा बगीचा माझ्या नाकाशी आला. मला जरा भरून आलं. अर्धा ग्लास मी प्याले, बस, लिहून टाकलं.

ओट्यावर मात्र मी सोडाच सांगितला. काकूंनी डोळे बारीक केले, पण पुढे गेल्या नाहीत. उलट जाऊनेच, जी इतका वेळ एक शब्द बोलली नव्हती, विचारलं, "ताई, थ्या बारात वास कसा येते? आपल्या इकळच्यासारखाच?" मी म्हटलं नाही गं, शेवटच्या ठिकाणी तर संत्र्याच्या फुलाचा येत होता. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी तिची थट्टा करतेय. दारूला फुलाचा वास असतो हे तिने का म्हणून मानावं, वीस वर्षं तिच्या नाकाला वेगळाच वास माहीत.

तर ते सिद्ध करायचं म्हणून काल आम्ही दोघींनी झाडाखाली गळालेली ओंजळभर फुलं वेचली, रात्रभर पाण्यात भिजवली, अन् आज सकाळी स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ते पाणी, लिंबू, साखर अन् साय घालून हलवायला घेतलं. जिन नाही, अंडं नाही, जाऊच्या चुलीजवळ अंडं जात नाही. साय कमी पडली म्हणून तिने वरून वाटीभर दूध ओतलं, मला वाटतं तिथेच घोटाळा झाला. सहा मिनिटं मी, सहा मिनिटं ती, मध्ये काकू येऊन हसून गेल्या. झाकण उघडलं तर सगळं फाटलेलं, वर पाणी अन् खाली चोथा. जाऊने डबा नाकाशी नेला, बराच वेळ धरून ठेवला, अन् म्हणाली, "वास त खरंच आहे."

तेवढ्यात हे बगीच्यातून आले, तहान लागली म्हणून डब्यातलं एक घोट घेतलं अन् विचारलं, "कढी काहून गोड केली?"