साताऱ्याहून पाचगणी-महाबळेश्वर : पॉइंट सोडून दोन चर्चं

साताऱ्यात राहणाऱ्याला पाचगणी-महाबळेश्वर म्हणजे पाहुणे आले की दाखवायची ठिकाणं. घोडे, पॉइंट, स्ट्रॉबेरी, झालं. यंदा पाहुणे नव्हते, म्हणून दोघंच निघालो आणि इंग्रजांची दोन चर्चं नीट बघून आलो. ज्यांना असं काही बघायला आवडतं, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

जाताना वाईवरून पसरणी घाटाने वर चढा. सकाळी लवकर निघालात तर घाटात गाड्या कमी असतात. शनिवार-रविवारी उशीर केला तर पाचगणीच्या बाजारपेठेतच अर्धा तास जातो.

पाचगणीचं सेंट पीटर्स चर्च आधी बघा. गाव वसवण्याचं श्रेय ज्याला देतात तो जॉन चेसन याच आवारात पुरलेला आहे. 1860 च्या दशकात त्याच्याकडे या पठाराची व्यवस्था होती. सिल्व्हर ओकची झाडं ही त्याची आठवण म्हणून सगळे सांगतात, पण मला दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. त्याने शिंपी, धोबी, खाटीक, भाजीवाले, बांधकामाचे ठेकेदार यांना बोलावून बाजाराखालच्या अंगाला जागा दिल्या. साहेबाचं आरोग्यधाम चालायचं तर कपडे कोणीतरी धुवायलाच हवेत. ती माणसं राहिली, म्हणून पाचगणी गाव झालं. चेसनच्या नावाचा दगड आहे, धोब्याच्या नावाचा कुठे असणार?

दफनभूमीत घाई करू नका. जुन्या थडग्यांवर अक्षरं कोरून त्यात शिसं भरायची पद्धत होती. काही ठिकाणी शिसं गळून पडलंय आणि अक्षर बसवायची बारीक भोकं तेवढी राहिलीत. बोट फिरवलं की नाव कळतं, डोळ्यांनी वाचता येत नाही. शेवाळ नखाने खरवडू नका, दगडाचा पापुद्रा निघतो. ऊन तिरपं असताना गेलात तर सावलीमुळे अक्षरं आपोआप उठून दिसतात.

पाचगणीहून महाबळेश्वर एकोणीस-वीस किलोमीटर. वाटेत भिलारला, पुस्तकांच्या गावात, चहाला थांबता येतं.

महाबळेश्वरात नुसतं "चर्च कुठंय?" विचारलंत तर होली क्रॉसकडे पाठवतील. ते 1831 चं आणि कॅथलिक. तेही बघा, पण अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडचं, चर्च वेगळं. त्याचं नाव ख्राइस्ट चर्च, तेव्हा नाव घेऊनच विचारा. ते 1842 साली बांधलं आणि मुंबईचे पहिले बिशप थॉमस कार यांनी ते विधिपूर्वक उपासनेसाठी अर्पण केलं. 1885 च्या सातारा गॅझेटियरात त्याचं वर्णन आहे: येणाऱ्याला आधी वेदीकडची अर्धगोल बाजू दिसते. आत बसायला जागा सगळ्यांना मोकळ्या, फक्त गव्हर्नर, सरसेनापती आणि आणखी थोड्यांच्या राखीव. उन्हाळ्यात मुंबई सरकारच इथे मुक्कामाला यायचं, त्यामुळे देवाच्या दारातही मानाची बाकं ठरलेली. खरी गर्दी मे महिन्यात. पाऊस लागला की साहेब लोक खाली उतरायचे आणि घरांना पावसाच्या आडोशाला गवताच्या झड्या बांधून गाव धुक्यात बुडायचं.

सातारकराला मात्र 1842 हा आकडा टोचतो. हे ठिकाण छत्रपती प्रतापसिंह महाराजांच्या राज्यातलं. गव्हर्नर जॉन माल्कमने 1829 मध्ये ते ईस्ट इंडिया कंपनीकडे घेतलं आणि बदल्यात वाईकडचं खंडाळा गाव दिलं. म्हणून पेठेचं नाव माल्कम पेठ. महाराजांनी रस्त्याला मदत केली, आणि त्याच कंपनीने 1839 साली त्यांना गादीवरून उतरवून काशीला धाडलं. त्यानंतर तीन वर्षांत हे चर्च उभं राहिलं. महाराज 1847 मध्ये काशीलाच वारले. पुढे दोन वर्षांच्या आत राज्यही खालसा झालं. भिंतीतला दगड बघताना हे डोक्यातून जात नाही. आमच्या हिने "इथे आलास तरी तुझी गादी सुटत नाही" असं ऐकवलं, ते सोडा.

आता कामाच्या गोष्टी. आपल्याकडची ही जुनी अँग्लिकन चर्चं 1970 पासून उत्तर भारत चर्चकडे, म्हणजे सीएनआयकडे आली. जिथे मंडळी जमते तिथे रविवारी सकाळी उपासना असते. तेव्हा जाऊन फोटो काढत फिरू नका. बसायचं असेल तर मागच्या बाकावर गुपचूप बसा, कोणी हाकलत नाही. इतर दिवशी दार बंद असू शकतं. आसपास पाळकांचं घर किंवा राखणदार असेल तर आधी विचारा. आत सोडतीलच असं धरून चालू नका, बाहेरून बघायची तयारी ठेवा. चपला काढायच्या का, ते दारातल्या चपला बघून ठरवा. दानपेटी दिसली तर काहीतरी टाका. तिकीट नाही म्हणून फुकट समजू नये, असल्या छपराची डागडुजी या पावसात फार महाग पडते.

जून ते सप्टेंबर जाऊ नका. धुक्यात इमारतच दिसत नाही आणि पायऱ्या निसरड्या होतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. सोबत आजी-आजोबा असतील तर दफनभूमीची जमीन खडबडीत असते, काठी घ्या. महाबळेश्वरच्या नाक्यावर प्रवेशकर भरायला सुट्टे पैसे ठेवा. परतीला मेढ्याचा रस्ता धरा. केळघर घाट अरुंद आहे, तेव्हा अंधाराआधी उतरा.