मॉर्मन चर्चमधून नाव काढायला अकरा आठवडे लागले, माझा अनुभव

ओळखीतल्या एका मुलीचा मागच्या आठवड्यात फोन आला, ताई तुम्ही मॉर्मन चर्चमधून नाव काढलंत ना, किती दिवस लागले. मी म्हटलं अकरा आठवडे, आणि मग दीड तास बोलतच राहिले. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की त्यातला एक तास मी एकाच संध्याकाळबद्दल बोलत होते. २०१८ ची गोष्ट आहे, राग अजून तसाच आहे. म्हणून लिहून काढते, कुणाच्या तरी कामी येईल.

मी मूळची नगरची, घरात तीन पिढ्या ख्रिस्ती. २००७ ला शिकायला अमेरिकेतल्या युटा राज्यात आले. मॉर्मन चर्च म्हणजे एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत जोसेफ स्मिथनं सुरू केलेला पंथ, त्याचं मुख्यालय युटातच, सॉल्ट लेक सिटीला. एकटी होते, थंडी सोसत नव्हती, आणि एक दिवस त्या चर्चच्या दोन मिशनरी मुली दारात उभ्या राहिल्या, निळ्या कव्हरचं 'बुक ऑफ मॉर्मन', म्हणजे त्यांचं बायबलच्या जोडीचं धर्मपुस्तक, फुकट हातात ठेवलं आणि रविवारी जेवायला घेऊन गेल्या. त्या लोकांनी लावलेली माया खरी होती, ते मी आजही नाकारत नाही. २००९ मध्ये मी त्यांच्याकडे बाप्तिस्मा घेतला. आई फोनवर म्हणाली, अगं तुझा एकदा झालाय ना बाप्तिस्मा, परत कशाला? तेव्हा माझ्याकडे उत्तर पाठ होतं.

वॉर्ड म्हणजे त्यांची स्थानिक मंडळी, आणि तिचा प्रमुख बिशप. बिशप पगारी पाळक नसतो, शेजारपाजारचाच कुणी दंतवैद्य नाहीतर अकाउंटंट असतो, काही वर्षांसाठी नेमलेला. अशा काही वॉर्डांचा मिळून एक स्टेक, त्याचा प्रमुख स्टेक प्रेसिडेंट, बिशपच्या वरचा. त्यांचं मंदिर रविवारच्या चर्चहून वेगळं, खास विधींसाठीचं; तिथे जायचं तर दोघांनाही मुलाखत द्यावी लागते, उत्पन्नाचा दहावा भाग देता का हेही विचारतात. सगळं मी दिलं. मंदिरात पहिल्यांदा गेले तेव्हा आपण काय वचन देणार आहोत हे आत बसल्यावर कळलं, आधी कागदावर कुणी दाखवलं नव्हतं. त्यात बायकांसाठी नवऱ्याच्या संदर्भातलं एक वचन होतं, त्याचे शब्द जानेवारी २०१९ मध्ये बदलले. मी दिलं ते जुनंच. बाकीच्या बायका हात वर करत होत्या म्हणून मीही केला.

शंका तिथून आली नाही पण, शंका वाचनातून आली. २०१३ च्या शेवटापासून चर्चनं स्वतःच इतिहासावरचे निबंध जाहीर करायला सुरुवात केली, बुक ऑफ मॉर्मनचं भाषांतर जोसेफ स्मिथनं टोपीत दगड ठेवून त्यात बघून केलं हे त्यात होतं, आणि ऑगस्ट २०१५ मध्ये त्या चॉकलेटी रंगाच्या दगडाचा फोटोही छापला. हे पुस्तक त्यानं सोन्याच्या पत्र्यांवरून भाषांतरित केलं असं शिकवतात, आणि मला आतापर्यंत चित्रांत त्या पत्र्यांवर बोट ठेवून वाचणारा माणूस दाखवला होता. मग मी मूळ कागद शोधायला लागले. जोसेफ स्मिथची कागदपत्रं चर्चनंच ऑनलाइन टाकली आहेत, काम उत्तम आहे, ज्याला वाचायचं त्यानं तिथूनच वाचावं, इकडचे तिकडचे व्हिडिओ बघत बसू नये.

तिथे मी बुक ऑफ मॉर्मनची १८३० ची पहिली आवृत्ती उघडली, न्यूयॉर्क राज्यातल्या पालमायरात छापलेली, पाच हजार प्रतींची. त्यातल्या 'दुसरा नेफी' या भागाचा तिसावा अध्याय काढला. माझ्या प्रतीत तिथे होतं की लामानी लोक (पुस्तकातल्या कथेत देवाविरुद्ध गेलेले) पश्चात्ताप करून शुद्ध आणि मनोहर होतील. १८३० च्या पानावर 'शुद्ध' नाही, 'गोरे' आहे. १८४० च्या आवृत्तीत शब्द बदललेला, पुढच्या आवृत्त्यांत परत जुना आलेला, १९८१ मध्ये पुन्हा बदललेला. मी सावळी आहे, लहानपणी हळद-बेसन लावून घेतलेली मुलगी आहे, मला हा शब्द कुठे लागला असेल ते सांगायला नको. आणि देवानं लामानी लोकांना काळी कातडी दिली हे वचन दुसऱ्या नेफीच्याच पाचव्या अध्यायात आजही आहे. कृष्णवर्णीय पुरुषांना याजकपद, म्हणजे धर्मविधी करण्याचा अधिकार, १९७८ पर्यंत देत नव्हते हे मला बाप्तिस्म्याच्या आधीच्या एकाही धड्यात सांगितलं नव्हतं.

रविवारच्या वर्गात विचारलं, हा शब्द कोणी बदलला, कशावरून बदलला. शिक्षिका चांगली बाई होती, ती म्हणाली सिस्टर, आधी दूध, मग मांस. पौलाचं वचन आहे ते, करिंथकरांच्या पत्रातलं, मला आजीकडून पाठ होतं. पण मी सहा वर्षं सभासद होते, दहावा भाग देत होते, अजून किती वर्षं दूध?

१८३२ च्या कागदांचंही तसंच. जोसेफ स्मिथला झालेल्या देवाच्या पहिल्या दर्शनाची सगळ्यात जुनी नोंद ती, काही भाग त्याच्या स्वतःच्या हस्ताक्षरातला. शिकवतात त्या हकिकतीत पिता आणि पुत्र असे दोघं दिसतात, या नोंदीत फक्त प्रभू. ते तीन कागद वहीतून कापून काढलेले होते आणि १९६५ पर्यंत सर्वसाधारण सभासदाला ते आहेत हेही माहीत नव्हतं. दोन हकिकती वेगळ्या असू शकतात, माणूस आठवण दोनदा सांगतो तेव्हा फरक पडतो, हे मी समजू शकते. कापलेलं पान मला समजत नाही. आणि १९८१ मध्ये बॉइड पॅकर या बड्या नेत्यानं चर्चच्या शिक्षकांना सांगितलं होतं की काही गोष्टी खऱ्या असल्या तरी फारशा उपयोगाच्या नसतात. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. उपयोगाचं काय ते ठरवणारा तो कोण?

निर्णय कसा झाला त्याची लांबण लावत नाही. जानेवारी २०१८ मध्ये सॉल्ट लेक सिटीला पत्र टाकलं. पत्रात मी काय दिलं होतं: पूर्ण नाव, जन्मतारीख, पत्ता, सभासद क्रमांक, सही. कारण लिहायची गरज नाही, मी दोन पानं लिहिली होती, ती कुणी वाचली असतील असं वाटत नाही. थोड्या दिवसांत उत्तर आलं, तुमचं पत्र तुमच्या बिशपकडे पाठवलं आहे, सोबत परत या म्हणणारं एक पत्रक. इथपर्यंत सगळं सुरळीत.

मग काही नाही. तीन आठवडे, चार आठवडे. वॉर्डातल्या क्लार्कला विचारलं तर बिशपांकडे आहे. बिशपना मेसेज केला तर प्रार्थना करतोय तुमच्यासाठी. मधल्या काळात दोन बायका घरी केक घेऊन आल्या, मी चहा केला, म्हणजे मीच प्यायले, त्यांना चहा चालत नाही. त्या रडल्या, मीही रडले, पण कागद हलला नाही. सहाव्या आठवड्यात बिशपचा फोन आला की भेटावं लागेल.

(इथे एक सांगून ठेवते, नाहीतर विसरेन. मार्च २०१८ मध्ये चर्चनं नियम जाहीर केला की बिशपच्या मुलाखतीला बाईला हवं असेल तर दुसरी प्रौढ व्यक्ती सोबत बसवता येते. ही सोय जरूर वापरा. मी पहिल्या भेटीला एकटी गेले, दुसऱ्या वेळी मैत्रिणीला नेलं आणि त्याच माणसाची बोलण्याची पद्धत वेगळी होती.)

ती संध्याकाळ. चर्चच्या इमारतीतलं लहानसं ऑफिस, भिंतीवर मंदिराचा फोटो, टिश्यूचा डबा माझ्याकडे सरकवून ठेवलेला. बिशप म्हणाले, सिस्टर, हँडबुकप्रमाणे (म्हणजे चर्चच्या नियमांच्या पुस्तकाप्रमाणे) मला तुमची मुलाखत घ्यावी लागेल, तुम्ही का जाताय, काही पाप घडलंय का, हे समजून घेतल्याशिवाय मला पुढे पाठवता येत नाही. मी म्हटलं पाप घडलेलं नाही, मला जायचं आहे एवढंच. ते म्हणाले नियम आहे. मी म्हटलं बिशप, कुठे लिहिलाय तो नियम, मला दाखवा, मी वाचते आणि तसं असेल तर तुमच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं देते. त्यांच्यासमोर टॅब्लेट होता, त्यावर ते पान उघडंच होतं, मला उलटी अक्षरं दिसत होती. त्यांनी टॅब्लेट पालथा ठेवला. म्हणाले, ते पुस्तक तुम्हाला दाखवता येणार नाही.

मी तीनदा विचारलं. एकदा सरळ, एकदा चिडून, आणि तिसऱ्यांदा अगदी हळू, कारण मला खरंच समजून घ्यायचं होतं की समोरचा माणूस, जो माझ्या आजारपणात सूप घेऊन आला होता, तो मला ज्या नियमानं अडवतोय तो नियम मला का वाचू देत नाही. ते म्हणाले मला परवानगी नाही. त्यांचाही चेहरा उतरला होता. मी त्यांना वाईट म्हणणार नाही, त्यांच्या हातात किल्ली होती आणि कुलूप दुसऱ्याचं होतं.

हे पुस्तक म्हणजे 'हँडबुक १'. हँडबुकचा दुसरा भाग २०१० पासून सगळ्यांना वाचायला खुला होता, पहिला नाही. शिस्तभंगाची कारवाई, नाव काढणं, हे सगळं पहिल्यात. तो बिशप, स्टेक प्रेसिडेंट अशा पदांवरच्यांकडे असायचा आणि या पदांवर बाई बसत नाही. म्हणजे माझं काय करायचं ते ज्यात लिहिलंय ते पुस्तक माझ्यासारखीच्या हाती कधी पडणारच नव्हतं. यावरून कोर्टकचेरी पण झालेली आहे, १९९९ मध्ये सॉल्ट लेकच्या जेराल्ड आणि सँड्रा टॅनर या जोडप्यानं हँडबुकातली १७ पानं इंटरनेटवर टाकली, नाव काढायची रीत लोकांना कळावी म्हणून, तर चर्चच्या कॉपीराइट सांभाळणाऱ्या कंपनीनं त्यांच्यावर केस केली आणि कोर्टाच्या आदेशानं ती पानं काढून ठेवावी लागली.

घरी आले आणि मला आजी आठवली. आजीकडे पंडिता रमाबाईंच्या भाषांतराचं पवित्र शास्त्र होतं, बांधणी सुटलेलं, दोऱ्यानं शिवलेलं. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून ते केलं, केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात मुलींनी खिळे जुळवले, १९२४ मध्ये ते पूर्ण छापून निघालं, तोवर रमाबाई वारल्या होत्या. साध्या बाईला वाचता यावं म्हणून साधी भाषा. आजी चौथी शिकलेली, पण पाळकानं प्रवचनात वचन चुकीचं लावलं तर उपासना झाल्यावर पुस्तक उघडून त्याच्यासमोर धरायची आणि पाळक वाचायचे. याच रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यावर तिथल्या धर्मभगिनींना पत्रांतून सांगितलं होतं की भटभिक्षुकांचं जोखड मोठ्या कष्टानं उतरवलंय, आता तसलंच दुसरं मानेवर घेणार नाही. अशा घरातली मी, आणि पालथ्या टॅब्लेटसमोर हात जोडून बसले होते. त्या रात्री मला लाज वाटली आणि मग लाजेचा राग झाला.

दुसरं पत्र त्याच रात्री लिहिलं, सहा ओळींचं. या तारखेपासून मी सभासद नाही, नोंद कधी कराल तो तुमचा प्रश्न. हे मी मनानं लिहिलं नाही, ओक्लाहोमात एका दुसऱ्याच चर्चविरुद्धच्या केसमध्ये १९८९ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानं मान्य केलं की सभासदानं राजीनामा दिला की त्यानंतर चर्चला त्याच्यावर शिस्त चालवता येत नाही. म्हणजे तुम्ही परवानगी मागत नाही, कळवताय. पत्राचा सूर तसाच ठेवा. सही नोटरीसमोर केली, माझ्या बँकेत फुकट झालं. रजिस्टर्ड पोस्टानं एक प्रत मुख्यालयाला, एक बिशपना, एक माझ्याकडे. मग मैत्रिणीला घेऊन दुसरी भेट, दहा मिनिटांची, आणि मी मुलाखत दिली नाही. विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर, पत्रात लिहिलंय.

अकराव्या आठवड्यात पाकीट आलं. दोन-तीन ओळी, तुमच्या विनंतीप्रमाणे नाव काढलं आहे. मी पोस्टाच्या पेटीपाशी उभ्याउभ्या वाचलं आणि आईला फोन लावला, तिकडे पहाटेचे साडेचार वाजले होते, ती घाबरूनच उठली. म्हणाली, झालं का बाई एकदाचं.

पत्र टाकण्याआधी करायची कामं, मला उशिरा सुचली: चर्चच्या ऑनलाइन खात्यातली सभासदत्वाची माहिती नंतर दिसत नाही, त्याआधी सभासद क्रमांक, बाप्तिस्म्याची तारीख, देणग्यांचे हिशेब (टॅक्ससाठी लागतात) सगळं उतरवून घ्या. चर्चची वंशावळीची साइट मात्र सभासद नसलेल्यांनाही फुकट चालू राहते, तिथली माहिती जात नाही. आणि चर्चच्या युनिव्हर्सिटीत शिकत असाल तर डिग्री हातात पडेपर्यंत काही करू नका, सभासद राजीनामा देऊन तिथे शिकू शकत नाही. घरात नवरा-मुलं अजून चर्चमध्ये असतील तर त्यांना आधी तुमच्या तोंडून कळू द्या, वॉर्डातून नको.

१९ फेब्रुवारी २०२० ला चर्चनं नवीन हँडबुक सगळ्यांसाठी खुलं केलं. मी कामावरून आले, जेवले नाही, आधी ते उघडलं. मंदिरातली पाच वचनं आता तिथे कुणालाही वाचता येतात. नाव काढण्याचा भाग शोधला. बिशपनं संपर्क साधावा, बोलायची तयारी आहे का विचारावं, असं आहे. मुलाखत दिल्याशिवाय कागद पुढे जाणार नाही असं मला त्यात कुठेही सापडलं नाही. २०१८ चं पान मी अजून पाहिलेलं नाही.

त्या मुलीनं शेवटी विचारलं, ताई, बिशप बोलावतायत, जाऊ का. म्हटलं तुला वाटत असेल तर जा, चांगला माणूस असेल तर निरोप घेऊन ये. पण जाताना ते पान फोनवर उघडून ने, आणि ते नियम म्हणाले की फोन त्यांच्यासमोर सरळ ठेव.