तुम्ही विचारलंत म्हणून: नागिणीचा एवढा बाऊ का?

"डॉक्टर, नागीणच ना, पंधरा दिवसांत आपोआप जाते, मग दवाखान्यांवर तिचा भार-बिर कसला?" पेशंट विचारतात, नातेवाईक विचारतात, आणि खरं सांगायचं तर आमच्या लाइनमधले लोकही विचारतात. दरवेळी हसून सोडून देतो. आज नाही सोडत.

पुरळ जातं, मान्य. पण आमचं काम पुरळ यायच्या आधीच सुरू झालेलं असतं आणि ते गेल्यावरही महिनोन्‌महिने चालतं, फक्त कागदावर नागीण म्हणून लागत नाही.

एक बाई होत्या, वय ६८. रात्री अकराला आल्या, छातीत डावीकडे आग आग होतेय आणि कळ पाठीत जातेय म्हणून. या वयात कोणीही करेल तेच मी केलं, ईसीजी, ट्रोपोनिन (हृदयाला इजा झालीय का ते सांगणारी रक्ततपासणी), काही तासांनी परत ट्रोपोनिन, रात्रभर मॉनिटर. सगळं नॉर्मल. सकाळी ॲसिडिटीची गोळी देऊन घरी पाठवलं. एक गोष्ट मात्र मी बघितली होती आणि लिहिली नव्हती. बाई गाऊनचा कपडा दोन बोटांच्या चिमटीत धरून अंगापासून लांब ठेवत होत्या. मला वाटलं, उकडत असेल.

तीन दिवसांनी फोड आले. उष्णतेचे असतील म्हणून त्यांनी आणखी चार दिवस घरीच काढले. आल्या तेव्हा पाठीच्या कण्यापासून छातीच्या मधोमध येऊन थांबलेला लालभडक पट्टा. लहानपणच्या कांजिण्यांचा व्हायरस नसेच्या (म्हणजे मज्जातंतूच्या) मुळाशी दडून बसतो आणि उठला की त्याच नसेच्या वाटेने बाहेर येतो, म्हणून एकाच बाजूला. अँटीव्हायरल गोळ्या पुरळ आल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाल्या तर खरा उपयोग. ते तास कधीच उलटले होते.

फोड सुकले, दुखणं राहिलं. नसांच्या दुखण्यावरचं औषध गॅबापेंटिन सुरू केलं तर गुंगी, त्या गुंगीत रात्री बाथरूमला जाताना पडल्या, मनगट मोडलं, म्हणजे एक्स-रे, प्लास्टर, फिजिओ आणि मुलीची अर्धी नोकरी. एकदा फाइल घेऊन मोजत बसलो: १४ महिन्यांत २३ व्हिजिट. पहिल्या रात्रीच्या कागदावर "छातीत दुखणे", मनगटाच्या कागदावर "घसरून पडल्या". आता सांगा, भार कुठल्या कॉलममध्ये शोधणार?

तुम्ही म्हणाल, चूक तुमचीच. नाही हो. त्या रात्री ईसीजी काढला नसता तर ती चूक झाली असती, आणि नुसत्या दुखण्यावर कोणी अँटीव्हायरल देत नाही. पण "कपडा लागला तरी दुखतं का?" एवढं विचारायला काय झालं होतं? "फोड आले तर त्याच दिवशी या" असं सांगायला?

साधारण तिघांपैकी एकाला आयुष्यात कधीतरी नागीण होते, आणि त्यातल्या १० ते १८ टक्के लोकांचं दुखणं असं मागे उरतं, वय जास्त तेवढा धोका जास्त. नागिणीच्या लसीबद्दल मी आधी "कशाला?" म्हणायचो. २००६ ची ती पहिली लस काही वर्षांत फिकी पडायची, त्यामुळे तेव्हाचा मी अगदीच मूर्ख नव्हतो. २०१७ मध्ये दोन डोसांची नवी आली, चाचण्यांमध्ये ९० टक्क्यांच्या आसपास किंवा वरच संरक्षण, आणि मी तेच जुनं "कशाला?" चालू ठेवलं, हे मात्र नुसत्या सवयीने. तरी सरसकट सगळ्यांना टोचा म्हणायला अजून जीभ रेटत नाही. पन्नाशीला द्यायची तर एवढ्या लोकांचा खर्च कोण करणार, आणि सत्तरीपर्यंत थांबायचं तर त्या बाईंसारख्यांचं काय?

परवा त्यांनी विचारलं, "अशी लस असते हे मला आधी का नाही सांगितलंत?"

त्या रात्रीच्या आधी तीन वर्षं त्या बीपीसाठी माझ्याकडेच येत होत्या.