रुमालातली द्वादशी

मोडी वाचते असं सांगितलं की समोरचा माणूस दुसऱ्याच वाक्यात 'ध चा मा'वर येतो. नारायणराव पेशव्यांचा खून १७७३चा, आणि तेव्हापासून आमच्या लिपीला हा एकच विनोद चिकटलाय. माझ्या टेबलावर मात्र इतक्या वर्षांत खून कधी आला नव्हता. येतात त्या जमिनी. रत्नागिरीत मोडी वाचणाऱ्याचं पोट खोती, कुळं, वहिवाट आणि भाऊबंदकी यांवर चालतं.

अण्णाही त्यासाठीच आले होते. कलमांच्या ठिकाणाचं जुनं खरेदीखत, कोर्टाची तारीख जवळ आलेली, 'ताई, तेवढं एकच पान करून द्या.' रुमाल, म्हणजे कागद बांधलेलं फडकं, सोडला तर खरेदीखताखाली अकरा बंद (कागदाचे ताव) वेगळ्या हाताचे. जमिनीचा कारकून आणि कचेरीतला कारकून लांबूनही ओळखू येतो. कचेरीतला आधी पानभर शिरोरेघा ओढून घेतो आणि मग बोरू न उचलता अक्षरं टांगत जातो. शब्दांमध्ये जागा नाही, विरामचिन्ह नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा हिशेब नाही. एकदा त्या हाताची लय सापडली की कागद आपोआप बोलायला लागतो. तिसऱ्या ओळीत 'मयत' लागला, सहाव्या ओळीत 'पिनल कोड कलम ३०२'. पिनल कोड लागू झाला १ जानेवारी १८६२ला, म्हणजे कागद त्यानंतरचे. याहून जास्त साल-संवत नाही, कारण पहिला बंद गहाळ. शेवटचाही. खुनाच्या तपासाची नक्कल, डोकं नाही, पाय नाहीत.

त्या दिवशी खरेदीखत बाजूलाच राहिलं.

हकिकत अशी. एका सावकाराचा वसुलीचा माणूस पहाटेच्या ओहोटीला खाडीच्या गाळात पडलेला, कालवं काढायला गेलेल्या बायकांना दिसला. डोक्यात मागून घाव. संशयित पलीकडच्या गावचा, मयताचा कर्जदार. साक्षीदार दोन. पहिला सांगतो, कैदी (तेव्हा आरोपीलाही कैदीच म्हणत) प्रहर रात्रीला उतारावरून, म्हणजे पाणी उथळ असतं त्या जागेवरून, पायी खाडी ओलांडून शहराकडे येताना पाहिला. दुसरी साक्षीदार एक विधवा. ती म्हणते, त्यानंतर थोड्या वेळाने पुळणीवर, काठच्या वाळूत, तोच मयताशी भांडत होता, तोंड ओळखलं. खाडीचं नाव कुठेच लिहिलेलं नाही, नुसतं 'खाडी'. शहरातल्या माणसाला खाडी एकच.

तपासावर फौजदार. घाटावरचा असावा. 'खाजण' (खाडीकाठची खारी जमीन) हा शब्द त्याच्या कारकुनाने तीन ठिकाणी तीन तऱ्हेने लिहिलाय. एवढ्यात कोणी न बोलावता एक म्हातारा तांडेल, होडीवरचा म्होरक्या, कचेरीत येऊन उभा राहतो आणि सांगतो की पहिला साक्षीदार खोटं बोलतो. त्या रात्री त्या वेळेला उतारावर वावभर पाणी होतं, पायी कोण येणार?

वाव म्हणजे दोन्ही हात पसरले की होणारं अंतर. दर्यावर खोली वावेतच मोजतात. कारकुनाने 'वाव' लिहून खोडलंय आणि वर 'पुरुष' लिहिलंय, विहिरीचं माप. जबाबाच्या शेवटी 'निशाणी नांगर' आणि शेजारी चित्र. अडाणी कुणबी सहीऐवजी नांगर काढायचा, तशी चित्रं मी शेकड्यांनी पाहिली आहेत: इसाड, रुमणं, फाळ. इथेही तेच आहे, व्यवस्थित शेतातला नांगर. तांडेलाने मूळ कागदावर जहाजाचा नांगर काढला असणार आणि नक्कल करणाऱ्याने आपल्या सवयीचा उतरवला. चहा थंड होईपर्यंत त्या चित्राकडे बघत बसले होते.

तांडेलाचा हिशेब आजही आमच्याकडे शेंबडं पोर करतं. तिथीला तीनाने गुणा, चाराने भागा, भरतीची वेळ येते. खुनाची तिथी द्वादशी. द्वादशीला बारा त्रिक छत्तीस, भागिले चार, नऊ. म्हणजे रात्री नऊला भरती पूर्ण, आणि प्रहर रात्र म्हणजे नऊच. शुद्ध पक्ष असो वा वद्य, हिशेब तोच, कारण पाणी दोन्ही पंधरवड्यांत सारखंच वागतं.

फौजदाराने म्हाताऱ्याला आधी हाकललंच असावं, कारण दुसरा जबाब चार दिवसांनंतरचा आहे. पण त्या माणसाला मी नावं ठेवणार नाही. त्याने पुढच्या द्वादशीपर्यंत वाट पाहिली, खुणा केलेला वासा घेऊन पंचांसकट रात्री उतारावर गेला आणि पाणी मोजून पंचनामा केला. वासा पुरुषभर बुडाला. खाली स्वतःचा शेरा: कैदी होडीने आला नसेल कशावरून? तांडेल दर्या जाणत होता, फौजदार माणसं. एकमेकांचं एकालाही पटत नव्हतं, तरी त्या रात्री दोघं एकाच उतारावर उभे होते. आजकाल ज्यांच्याबरोबर काम करावं लागतं ते वकील मोबाइलवर तिरके फोटो पाठवून 'साधारण काय लिहिलंय ते सांगा' म्हणतात.

आता माझी अडचण. पाण्याला पक्ष लागत नाही, चांदण्याला लागतो. शुद्ध द्वादशीला रात्री नऊला चंद्र डोक्यावर असतो, पुळणीवर माणसाचं तोंड ओळखू येईल. वद्य द्वादशीला चंद्र पहाटे उगवतो, नऊला मिट्ट काळोख. म्हणजे विधवेची साक्ष एका अक्षरावर उभी आहे. आणि कागदावर आहे 'कार्तिक', मग भोक, मग '॥ १२'. शु॥ की व॥?

भोक कसरीचं आहे, पण कसरीने अक्षराचा थोडा भाग ठेवला होता. तो अण्णांच्या घरातल्या कोणीतरी सेलोटेप लावून वाचवला आणि मग सेलोटेप ओढून काढला. शाई टेपबरोबर गेली. पाया पडून सांगते, जुन्या कागदाला टेप लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच करू नका. कसर शंभर वर्षांत खाते ते तुम्ही एका दुपारी संपवता. भिंग लावलं, दिव्यासमोर धरलं, तिरपा उजेड टाकून पाहिला. एक वळण दिसतं. ते शु॥चंही असेल, व॥चंही.

रात्री आईला विचारलं. ती म्हणाली, "कार्तिक शुद्ध द्वादशी? त्या दिवशी दारोदार तुळशीची लग्नं असतात. कोणी तिथी सांगेल होय? तुळशीच्या लग्नाच्या रात्री असंच सांगतील." अकरा बंदांत तुळशीच्या लग्नाचं अवाक्षर नाही. म्हणजे वद्य, काळोख, विधवाही खोटी. मला हेच हवं होतं, कबूल करते. तांडेल मला आवडला होता.

दुसऱ्या दिवशी परत बसले. पंचनाम्याच्या मागच्या बाजूला, आधी दुर्लक्ष केलेल्या कोपऱ्यात खर्च: होडीवाल्यास इतकं, वासा इतका, 'दिवटीस तेल' इतकं. वासा मोजायला जाताना दिवट्या नेल्या होत्या. मोजणी काळोखात झाली असेल तर ती वद्य द्वादशी, म्हणजे खून त्याआधीच्या पंधरवड्यातला, शुद्धातला, चांदण्यातला. मग विधवा खरी आणि पहिला साक्षीदार खोटा, तरीही माणूस तोच. पण चांदण्यातही वाशावरच्या खुणा वाचायला दिवटी लागतेच. आणि कारकून लोकांच्या तोंडचं तुळशीचं लग्न गाळून नुसती तिथी लिहिणार. त्याने तर वावेचीही विहीर केली होती.

खरेदीखत संध्याकाळी केलं. अर्ध्या तासाचं काम. अण्णांच्या पणजोबांनी कलमांचं ठिकाण ज्या घराकडून विकत घेतलं, ते घर त्या कैद्याचं. आणि पहिला साक्षीदार, उतारावर पायी येताना पाहिलं म्हणणारा, अण्णांच्याच आडनावाचा, त्यांच्याच वाडीतला. नक्कल यांच्या रुमालात का, ते तेव्हा कळलं. त्यापलीकडे काही कळलं म्हणायचं धाडस होत नाही. वाडीत एका आडनावाची दहा घरं असतात.

अण्णा आले, खरेदीखताचं देवनागरी वाचून खूश झाले. मी म्हटलं, "खाली अकरा बंद आहेत, जुन्या खुनाचे. वाचून देऊ?"

"त्यात जमिनीचं काय?"

"जमिनीचं नाही."

"मग ऱ्हावंदेत ताई. उगाच पानामागे पैसे." रुमालाची गाठ त्यांनी स्वतः मारली.

त्या पानाचे फोटो माझ्याकडे आहेत. कार्तिकातल्या दोन्ही द्वादश्यांना रात्री नऊला खाडीवर जायचं ठरवलंय. आता तिथे पूल आहे आणि पुलावर दिवे आहेत, त्यामुळे पुळणीवर खाली उतरावं लागेल.