समान स्वरूपाच्या कामाचा अनुभव

‘गेल्या सात वर्षांत समान स्वरूपाची किमान तीन कामे यशस्वीरीत्या पूर्ण केलेली असावीत.’ आमच्या निविदेतील नवव्या कलमातले हे वाक्य मला आता झोपेतून उठवले तरी म्हणता येईल, कारण या एका वाक्यापायी आमचे जवळजवळ दहा महिने गेले. आमच्यासारखे एखादे लहान रुग्णालय याच वाटेने जाणार असेल, तर त्याचे तेवढे महिने वाचावेत म्हणून हे लिहीत आहे. थोडा राग अजून शिल्लक आहे, हेही कबूल करतो.

रत्नागिरी जिल्ह्यात खाडीकाठी असलेल्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात मी स्थापत्य विभाग सांभाळतो. थायरॉइडच्या कर्करोगात शस्त्रक्रियेनंतर पुष्कळ रुग्णांना किरणोत्सारी आयोडीन द्यावे लागते, आणि मोठी मात्रा घेतलेल्या रुग्णाला काही दिवस वेगळ्या खोलीत ठेवावे लागते. आमच्या भागातील रुग्णांना त्यासाठी मुंबई गाठावी लागे, म्हणून विश्वस्तांनी दोन खोल्यांचा विभाग इथेच उभारायचे ठरवले. शरीराने न धरलेले आयोडीन बहुतांशी पहिल्या दोन दिवसांत लघवीवाटे बाहेर पडते, आणि ते पाणी थेट सांडपाण्यात सोडता येत नाही. ते एका टाकीत साठवायचे, टाकी भरली की झडप बंद करायची आणि थांबायचे. आयोडीन-१३१ चे अर्धायुष्य (किरणोत्सार निम्मा व्हायला लागणारा काळ) सुमारे आठ दिवसांचे असल्याने ऐंशी दिवसांत, म्हणजे दहा अर्धायुष्यांत, मूळच्या किरणोत्साराचा साधारण हजारावा भाग उरतो. मग नमुना मोजायचा, वहीत नोंद करायची आणि पातळी मर्यादेत असेल तरच पाणी पुढे सोडायचे. या टाक्यांना सगळे ‘डिले टँक’ म्हणतात. कचऱ्यावरची प्रक्रिया म्हणावी तर एवढीच. तिच्यात ना रसायन, ना यंत्र, नुसता काळ.

आकारमानाचा हिशेबही सोपा होता. आठवड्याला दोन रुग्ण, प्रत्येकाचे तीन दिवस आणि दिवसाला १२० लिटर पाणी धरले, तर आठवड्याला ७२० लिटर होतात आणि ऐंशी दिवसांत सव्वाआठ हजारांच्या आसपास. म्हणून प्रत्येकी १०,००० लिटरच्या दोन पोलादी टाक्या ठरल्या; एक भरत असताना दुसरी मुरत ठेवायची. टाकी कधी गळलीच तर पाणी बाहेर जाऊ नये म्हणून दोन्ही टाक्या जमिनीखालच्या एका आरसीसी खोलीत बसवायच्या होत्या. (फ्लश कमी पाण्याचा घ्या. साध्या फ्लशने टाकीचे आकारमान सहज वाढते आणि त्याबरोबर खोलीचा खर्चही.)

अणुऊर्जा नियामक मंडळाच्या परवानगीविषयी लोक मला सर्वाधिक विचारतात, आणि नेमके त्याविषयीच माझ्याकडे सांगण्यासारखे सर्वांत कमी आहे. बांधकाम सुरू करण्याआधी नकाशाला मंजुरी घ्यावी लागते. त्यासाठीच्या ‘ई-लोरा’ या ऑनलाइन प्रणालीचे नाव ऐकून आमच्या लिपिकाला वेरूळची लेणी आठवली होती, पण तिथे आमचे काहीच अडले नाही. आमच्या किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी मॅडमनी अर्ज भरला, एकदा शंका आल्या, त्यांची उत्तरे गेली आणि मंजुरी आली.

अडलो ते ठेकेदार शोधताना. निधी एका कंपनीच्या सामाजिक दायित्वातून येणार होता, आणि त्या कंपनीच्या खरेदी विभागाचा आग्रह असा की निविदा त्यांच्याच नमुन्यात निघाली पाहिजे. त्या नमुन्यातून जानेवारी २०२२ मध्ये जी जाहिरात प्रसिद्ध झाली, तिचे शीर्षक होते ‘किरणोत्सारी द्रव कचरा प्रक्रिया प्रकल्पाचे संकल्पन, बांधकाम व कार्यान्वयन’. शीर्षकात चुकीचे काहीच नव्हते. पण माडबनच्या सड्यावरील ९,९०० मेगावॅटच्या नियोजित अणुप्रकल्पावरून ज्या जिल्ह्यात वर्षानुवर्षे आंदोलने झाली, जिथे एप्रिल २०११ मध्ये साखरी नाटे येथे पोलिसांच्या गोळीबारात एकाचा जीव गेला, तिथे हे शब्द वर्तमानपत्रात छापण्यापूर्वी निदान एकदा तरी मोठ्याने वाचून पाहायला हवे होते. दुसऱ्याच दिवशी सरपंचांचा फोन आला: “साहेब, तारापूरचा कचरा आपल्याकडे आणताय काय?” मॅडम नकाशा घेऊन ग्रामसभेत गेल्या आणि इथला एकही थेंब बाहेरून येणार नाही, जे काही असेल ते आपल्याच माणसांच्या औषधाचे असेल, हे त्यांनी दोन तास समजावून सांगितले. गावाची समजूत दोन तासांत पटली. खरेदी विभागाची पटायला आठ महिने लागले.

पहिल्या वेळी एकही निविदा आली नाही. मार्चमध्ये मुदतवाढ देऊन पुन्हा बोलावली, तेव्हा मुंबईची एकच आली. एकटीच आलेली म्हणून तिचा लिफाफा उघडायचा नव्हता; नंतर तोंडी कळलेला आकडा आमच्या अंदाजपत्रकाच्या अडीच पट होता. आमच्या भागातील ठेकेदारांना मी स्वतः फोन केले. धक्के बांधणारे, पाणीयोजनांच्या टाक्या बांधणारे, मासळी प्रक्रिया कारखान्यांची सांडपाण्याची कामे करणारे असे अनुभवी लोक आमच्याकडे आहेत, पण सर्वांचे उत्तर एकच होते: नववे कलम. जिल्ह्यात असे काम याआधी कोणी केलेले माझ्या पाहण्यात नव्हते, तर तीन कामे केलेला माणूस आणायचा कोठून?

मी खरेदी विभागाला पत्र लिहिले. ‘सदर कलम प्रमाणित असल्याने त्यात बदल करता येणार नाही’ असे उत्तर तीन आठवड्यांनी आले. दुसऱ्या पत्रात मी विचारले की या कलमात ‘समान’ या शब्दाचा अर्थ काय धरायचा. त्या पत्राला उत्तरच आले नाही, म्हणून फोन केला.

“समान म्हणजे समान,” पलीकडचे गृहस्थ म्हणाले.

“पण कशाशी समान? टाकीशी, की टाकीतल्या पाण्याशी?”

“ते तुम्हीच ठरवायचे ना, काम तुमचे आहे.”

“मग मी ठरवून कलमात लिहितो.”

“नाही नाही, कलमात काही लिहिता येणार नाही.”

तिसऱ्या पत्राला पहिल्याच पत्राचे उत्तर नव्या तारखेने आले. तोवर मृग लागला होता आणि खोदकामाचा हंगाम हातचा गेला होता. त्या पावसाळ्यात मी किती वेळा नोकरीचा राजीनामा मनात लिहिला, ते सांगत नाही.

गाठ सुटली ती एका लेखापरीक्षकामुळे, तीही योगायोगाने. तो वेगळ्याच कामासाठी आला असताना मी चहा पिताना त्याच्यासमोर फाइल ठेवली. त्याने कलम वाचले आणि म्हणाला की कलम बदलायचे नसेल तर बदलू नका, पण शब्दाची व्याख्या देणे म्हणजे कलम बदलणे नव्हे. मग मी कामाचे तुकडे पाडले. पाणी धरून ठेवणारी जमिनीखालची आरसीसी खोली, जी आयएस ३३७० या संहितेप्रमाणे कोणताही चांगला ठेकेदार बांधतो. स्टेनलेस स्टीलच्या टाक्या, ज्या कारखान्यातून तयार होऊन येतात. आणि नळ, झडपा, पातळीचे सूचक. किरणोत्साराशी थेट संबंध असलेल्या गोष्टी, म्हणजे भिंतीची जाडी, टाक्यांचे आकारमान, नमुना घेण्याची जागा, या मंजूर नकाशात आधीच ठरलेल्या होत्या आणि त्यांची जबाबदारी रुग्णालयाचीच होती. त्यामुळे कलमाचा एकही शब्द न बदलता खाली एक ओळ जोडली: समान स्वरूपाचे काम म्हणजे जमिनीखालील जलधारक आरसीसी बांधकाम किंवा बंदिस्त सांडपाणी व्यवस्था. याच अर्थाचा मजकूर मी एप्रिलमधल्या पत्रात लिहिला होता, पण तिथे तो ‘बदल’ ठरला होता. सप्टेंबरमध्ये ‘स्पष्टीकरण’ म्हणून तो चार दिवसांत मंजूर झाला. शीर्षकही त्याच झटक्यात बदलून घेतले: ‘रुग्णालयातील डिले टँक कक्षाचे संरचनात्मक संकल्पन व बांधकाम’.

म्हणून सांगतो, मंजूर नकाशा हातात आल्याशिवाय निविदा काढू नका, आणि काढाल तेव्हा नकाशातले काय बदलता येईल व काय येणार नाही, हे कागदावर लिहा. संकल्पन आणि बांधकाम एकाच ठेकेदाराला देताना तो भिंत बारीक करून पैसे वाचवायला बघणारच. त्यात त्याचाही दोष नाही.

दसऱ्यानंतर तिसऱ्यांदा जाहिरात दिली आणि निविदापूर्व बैठकीला चार जण आले. ही बैठक कोणी औपचारिकता समजून टाळू नये, कारण आमचे सर्वांत मोठे संभाव्य नुकसान तिथेच टळले. मच्छीमारी बंदरांवर धक्क्यांची कामे केलेले साठीचे एक गृहस्थ बैठकभर गप्प होते. शेवटी त्यांनी आवारातली विहीर कुठे आहे, एवढेच विचारले. विहिरीवर गेल्यावर त्यांनी पाण्याकडे पाहिलेही नाही. आतल्या चिऱ्यांवरून हात फिरवत माळ्याला विचारले, श्रावणात पाणी कुठवर येते? माळ्याने काठापासून जेमतेम दीड वीत खाली शेवाळाची काळी रेषा दाखवली. त्यांनी जाहिरातीच्याच पाठीवर आकडे मांडले. आमची खोली बाहेरून ७.१ मीटर लांब, ४.६ मीटर रुंद आणि ३.५ मीटर उंच, म्हणजे पाणी जमिनीपर्यंत आले तर ती सुमारे ११४ टन पाणी बाजूला सारणार; काँक्रीटचे वजन मात्र ९० टन. “टाक्या रिकाम्या असताना ही होडीसारखी वर येणार, साहेब,” असे म्हणून त्यांनी कागद माझ्या हातात दिला. आमच्या सल्लागाराच्या प्राथमिक आराखड्यात भूजलपातळी उन्हाळ्यातली धरलेली होती, आणि तो आराखडा तपासून त्यावर सही मीच केली होती. तळाचा स्लॅब भिंतींच्या बाहेर अर्धा मीटर काढून त्यावर भरावाचे वजन घेण्याचा उपायही त्यांनीच सुचवला, आणि तो मॅडमच्या नकाशातील एकाही अंतराला धक्का न लावता बसला.

तीन निविदा आल्या आणि काम याच गृहस्थांना मिळाले, तेही सर्वांत कमी दराने. नाहीतर माझी पुन्हा पत्रापत्री झाली असती. बांधकामाविषयी विशेष सांगण्यासारखे नाही. शिमग्याला कामगार दहा दिवस गेले, ते जाणारच होते. मे २०२३ मध्ये खोली पाण्याने भरून सात दिवस ठेवली, तेव्हा नळ भिंतीतून जातो तिथे ओल दिसली आणि तो सांधा फोडून पुन्हा करावा लागला. नळ भिंतीतून जाईल तिथली स्लीव्ह (नळाभोवतीची बाहेरची नळी) काँक्रीट ओततानाच बसवून घ्या, मागाहून भोक पाडू देऊ नका. पाणीचाचणी टाक्या बसवण्यापूर्वी करा आणि तिचे देयक वेगळे ठेवा, म्हणजे ठेकेदाराला ती टाळावीशी वाटत नाही. खोल्यांपासून टाकीपर्यंतचा नळ जितका कमी वळणांचा करता येईल तितका करा. वळणावर साचून राहिलेले पाणी सफाई कामगाराच्या वाट्याला येते. आणि हे खरे तर सर्वांत आधी सांगायला हवे होते: जाहिरात उशिरात उशिरा नवरात्रात निघेल असे बघा, म्हणजे खोदकाम आणि तळाचा स्लॅब कोरड्या जमिनीत होतो.

गेल्या महिन्यात ते गृहस्थ अनामत रक्कम परत घ्यायला आले होते. धनादेश खिशात घातल्यावर त्यांनी काम पूर्ण केल्याचा दाखला मागितला. मी मसुदा पुढे केला, तो त्यांनी चष्मा लावून वाचला आणि कामाच्या नावावर बोट ठेवले. ‘डिले टँक कक्ष’ नको होते त्यांना. पहिल्या जाहिरातीतले नाव हवे होते, संपूर्ण, किरणोत्सारी द्रव कचऱ्यासकट. “पुढच्या वेळी कुणी समान स्वरूपाचे काम विचारले तर निदान एक तरी दाखवता येईल,” ते म्हणाले. मी लिपिकाला दाखला नव्याने टाइप करायला सांगितला.