उन्हाळ्याची वही: ‘रूम टेम्परेचर’ ३४ अंश

माझ्या वाइनच्या वहीचं हे तिसरं वर्ष. पहिल्या दोन वर्षांत उन्हाळ्याची पानं जवळपास कोरीच आहेत. ‘गार, छान’, ‘गार, बरी’ अशा नोंदी. यंदा ठरवलं की जानेवारीत ज्या वाइन्स प्यायलो त्याच एप्रिल-मेमध्ये पुन्हा उघडायच्या आणि फरक लिहून काढायचा. शिराझ (रेड), सोव्हिन्यॉं ब्लां आणि चेनिन ब्लां (दोन्ही पांढऱ्या), प्रत्येकी दोन-तीन बाटल्या, एकाच वर्षाच्या, सगळ्या नाशिकच्याच.

१४ एप्रिल
शिराझ. जानेवारीत हिला पाचपैकी साडेचार दिले होते आणि समोर ‘मिरी, जांभूळ, मऊ’ असं लिहिलं होतं. आज अडीच. नाक ग्लासात घातलं की आधी स्पिरिटचा भपका, मग नुसती तोंडात धग. बाटली त्याच खोक्यातली, म्हणजे माझंच तोंड बिघडलं असं वाटलं. शेवटी स्वयंपाकघरातला थर्मामीटर ग्लासात बुडवला. ३४ अंश!

रेड वाइन रूम टेम्परेचरला प्यावी हे वाक्य आपण सगळेच घोकलेलो. पण ती ‘रूम’ युरोपातल्या थंड दगडी घराची आहे, १६ ते १८ अंशांची. कॉलेज रोडवर वरच्या मजल्यावर, दिवसभर तापलेल्या स्लॅबखालची नाही. गरम वाइनमधून अल्कोहोल भराभर उडतं आणि फळाच्या वासाच्या आधी तेच नाकाला लागतं. जानेवारीत रात्री आमचा हॉल १९-२० वर असतो. म्हणजे तेव्हाचे साडेचार गुण निम्मे नाशिकच्या थंडीचे होते. ते मी स्वतःच्या जिभेच्या खात्यावर जमा केले होते, ही गोष्ट वेगळी.

२० एप्रिल
दिंडोरीकडच्या मित्राच्या बागेत. खरड छाटणी, म्हणजे हंगामानंतरची मोठी छाटणी, उरकली होती, नुसती खोडं आणि ओलांडे (आडव्या जाड फांद्या). त्याची खायची द्राक्षं. वाइनवाल्यांची त्याला कीव येते. “आम्ही मणी फुगवायला जिवाचं रान करतो आणि ते मणी बारीकच राहावा म्हणून धडपडतात.” खरं आहे. बारीक मण्यात रसाच्या मानाने साल जास्त, आणि रंग-वासाचा बराचसा ऐवज सालीत. पांढऱ्या वाइनची द्राक्षं तर साखर फार चढायच्या आत, शक्यतो पहाटेच्या गारव्यात तोडतात. उष्णता वाढली की मण्यातलं मॅलिक आम्ल कमी होत जातं, आणि पांढऱ्या वाइनचा सगळा जीव त्या आंबटपणात. उन्हाळ्यात आपल्याला तीच हवीशी वाटते तीही त्याचमुळे: आंबटाने तोंडाला पाणी सुटतं, शिवाय रेडमधला तुरटपणा, जो तोंड आणखी कोरडं करतो, तो इथे जवळपास नसतो.

येताना डिकीत दोन बाटल्या होत्या. घरी पोचल्यावर वर आणायच्या विसरलो. दुसऱ्या दिवशी दुपारी आठवलं तेव्हा एकीचं बूच दोन-तीन मिलिमीटर वर आलेलं. उघडली तर शिजवलेल्या सफरचंदाचा वास. दोष सर्वस्वी माझा. ती भाजीतही घातली नाही.

२७ एप्रिल, ३ मे, ४ मे
सोव्हिन्यॉं ब्लां तीन तापमानांना. या पानावर सगळ्यात जास्त शाई गेली आहे.
५ अंशांना, थेट फ्रिजमधून: लिंबू, बास. डोळे मिटून दिली असती तर गार सरबत म्हणालो असतो. गेल्या दोन वर्षांच्या ‘गार, छान’चा उलगडा इथे झाला.
९ अंशांना वाइन बोलू लागली. कापलेलं गवत, पेरूची साल, आणि स्पष्ट ढोबळी मिरची. तो वास भास नव्हे. पायराझिन नावाच्या वासाच्या रसायनांच्या गटातला तोच घटक ढोबळी मिरचीतही असतो.
१५ अंशांना सैल पडली, शेवटी किंचित कडू.

मग लक्षात आलं की ९ अंश गाठणं सोपं, टिकवणं अवघड. ५ अंशांची वाइन कपाटातल्या तापलेल्या ग्लासात ओतली की ओतताक्षणीच ९. दहा मिनिटं गप्पा मारल्या की १५. आता ग्लास आधी माठाच्या पाण्याने विसळून पुसतो आणि एका वेळी तीन-चार घोटच ओततो. बायको म्हणते, “हे काय, तीर्थ दिल्यासारखं!” पण तिसऱ्या ग्लासालाही चव तीच राहते.

बाटलीला ओलं फडकं गुंडाळून पंख्याखाली ठेवायचा माठाचा प्रयोगही केला. दोन तासांत ३३ वरून २६. त्यापुढे ढिम्म. बादलीत अर्धं पाणी, अर्धा बर्फ, मूठभर मीठ हाच खरा उपाय. नुसत्या बर्फात बाटलीभोवती हवाच जास्त राहते, पाणी हवंच. व्हाइटला वीसेक मिनिटं, शिराझला दहा-बारा. अशी १८ वर आणलेली शिराझ मे महिन्यात चार गुण घेऊन गेली.

११ मे
चेनिन ब्लां, किंचित गोडसर. ७ अंशांना गोडी जाणवतच नाही, १३ ला पाक. थंडीने गोडी दबते. वितळलेली कुल्फी जास्त गोड लागते तसंच. रात्री घरी मिसळ केली होती, नाशिकची असते तशी काळ्या मसाल्याची, तर्री सढळ. चेनिनची गोडी तिखटाला बरोबर आवरते. उत्साहात शिराझचाही एक घोट घेतला आणि कान गरम झाले. तिखटावर अल्कोहोल म्हणजे आगीत तेल.
आमरसाबरोबर मात्र साफ फसली. वाइनपेक्षा पदार्थ गोड असला की वाइन पाणचट आणि आंबट लागते. पन्ह्यानंतरही नको. कैरीच्या आंबटापुढे तिचा आंबटपणा जाणवतच नाही, मग उरतं काय?

१८ मे
दुकानात गेलो. एसी नाही, पांढऱ्या बाटल्या काचेच्या कपाटात, त्यावर सरळ पश्चिमेचं ऊन. दुकानदाराला आतल्या खोक्यातली मागितली, त्याने कपाळाला आठ्या घालून दिली. लेबलावरचं वर्षही बघून घेतलं. आपल्याकडच्या बहुतेक पांढऱ्या वाइन्स ताज्याच प्यायच्या असतात, साठवून त्या सुधारत नाहीत.

व्हिऑनिए या आणखी एका पांढऱ्या वाइनची एक बाटली फ्रिजच्या दारात पडून आहे. ती अंगाने भरलेली, जर्दाळूच्या वासाची, म्हणून ११-१२ अंशांपासून सुरुवात करायचा विचार आहे. कुणी ८ वर पिऊन पाहिली असेल तर कळवा. पुढच्या रविवारी उघडणार, लाइट राहिले तर.